फिटर चाळीतला पिंपळ कोणी मारला

१

फिटर चाळीतला पिंपळ वाळला तेव्हा चाळ कमिटीने सगळ्यात आधी गुन्हेगार ठरवून टाकला. गुन्हा काय झाला आणि कसा झाला, ही किरकोळ कामं मागाहूनही करता येतात. नोटीस बोर्डावर कागद लागला: गेटवर बसणारी मासेवाली दमयंती हिच्या टोपलीतलं खारं पाणी मुळांत मुरून झाड मेलं, सबब तिला गेटवरून कायमचं उठवावं, असा ठराव रविवारच्या सभेत मंजूर करण्यात येईल. मांडण्यात येईल नव्हे, मंजूरच करण्यात येईल. खाली अध्यक्ष विकास मर्चंडे यांची लफ्फेदार सही.

दीपिका गमरेने तो कागद दोनदा वाचला. ती दुसऱ्या मजल्यावर एकटी राहायची. उभा जन्म तिने विमा कंपनीत दावे तपासण्यात घालवला होता. धंदा बसला की दुकानाला आपोआप लागणारी आग, न खपलेला माल असलेल्या गोदामातच नेमकं शिरणारं पाणी, हे सगळं तिने इतकं पाहिलं होतं की माणसांवरचा तिचा विश्वास तिच्याआधीच निवृत्त झाला होता. चाळीतली माणसं तिला घमेंडखोर म्हणायची. ती त्यांना काहीच म्हणायची नाही, आणि तेच त्यांना जास्त लागायचं.

एरवी मुंबईत एक झाड वाळलं तर कोणाच्या घरची चूल विझत नाही. पण नायगावातल्या या चाळीच्या पुनर्विकासाचा नकाशा पालिकेत अडकला होता, तो या एका झाडापायी. शहराच्या आराखड्यात चाळीचं अंगण मोकळी जागा म्हणून राखीव होतं. बिल्डरला तिथे गाड्या ठेवायचा मनोरा हवा होता. म्हणून त्याने अर्ज केला होता की, ही मोकळी जागा उचलून नव्या इमारतीच्या सातव्या मजल्यावरच्या गच्चीवर न्यावी. मोकळी जागा उचलून नेता येते, हे ज्ञान देवाने फक्त बिल्डर लोकांना दिलं आहे. पण पाहणीला आलेला अधिकारी पिंपळाच्या सावलीत घटकाभर उभा राहिला आणि म्हणाला, हे झाड जिवंत आहे तोवर मोकळी जागा इथेच राहील. पुढच्या आठवड्यात त्याच अधिकाऱ्यापुढे अर्जाची सुनावणी होती. आणि आता झाडाच्या अंगावर एक हिरवं पान उरलं नव्हतं.

त्या अंगणात चाळीचं बुद्धविहार होतं. चाळीतली लग्नं तिथेच लागायची, मयतंही तिथेच उतरवायची. उद्या मयत लिफ्टने सातव्या मजल्यावर चढवायचं का, हे कमिटीत कोणी विचारलं नव्हतं. लोक नव्या फ्लॅटमध्ये फ्रिज कुठे ठेवायचा याची चर्चा करत होते.

दुपारी दमयंती जिना चढून आली. वरळीच्या कोळीवाड्यातून रोज पाटी घेऊन येणारी ही बाई. तिच्या आधी तिची आई त्याच गेटवर बसायची. ती जागा गेली तर तिला दुसरी मिळण्यातली नव्हती, कारण मार्केटातल्या ओट्यांवर मुंगीलाही शिरायला वाव नव्हता. ती दारातच उभी राहिली.

"बाय, त्यांच्यापुढं माझा कोन ऐकतंय? तुला बोलता येते. तू तरी बघ."

दीपिकाने सांगितलं की ती कोणावरच विश्वास ठेवत नाही, दमयंतीवरही नाही; आधी झाड बघेन, मग बोलेन. दमयंतीला त्याचं वाईट वाटलं नाही. भाव करणारं गिऱ्हाईक तिला ओळखता यायचं.

दीपिका खाली उतरली, पाराशी वाकली, आणि तिच्या लक्षात आलं की झाड मेलेलं नव्हतं. त्याला मारलं होतं.

२

कमिटीच्या अकलेचं दिवाळं काढायला फार वेळ लागला नाही. दमयंती बसायची ती गेटच्या बाहेरच्या अंगाला, आणि तिच्या टोपलीतलं पाणी उतारावरून सरळ रस्त्याच्या गटारात जायचं. त्या गटाराच्या कडेला अळू असं माजलं होतं की एकेका पानात वडीचा अख्खा उंडा व्हावा. ते पाणी म्हणजे तरी काय, वितळलेला बर्फ आणि मासे धुतलेलं पाणी. चाळीतली प्रत्येक बाई तेच पाणी गॅलरीतल्या कढीपत्त्याला घालते आणि वर शेजारणीला सांगते की माझा कढीपत्ता बघ कसा फोफावलाय. त्या बायकांनीही कमिटीच्या कागदापुढे मान डोलावली होती.

कोणी म्हणत होतं, पानगळ असेल. पिंपळाची पानगळ होळीच्या आगेमागे होते आणि मग तांबूस पालवी येते. यंदाही आली होती, सगळ्यांनी पाहिली होती. मे महिना सरताना भर पालवीतलं झाड बोडकं होत नाही.

खरी गोष्ट पाराच्या आत दिसत होती. दगडी कठड्याच्या आतलं गवत जळून पिवळं पडलं होतं. सदाफुलीसारखं चिवट झाड, जे सिमेंटच्या भेगेतही जगतं, तेही काळवंडून आडवं झालं होतं. आणि कठड्याच्या बाहेर, टीचभर अंतरावर, तेच गवत हिरवंगार. म्हणजे जे काही पडलं होतं ते पाराच्या आत पडलं होतं, वरून आणि चारी बाजूंनी.

दीपिकाने खोडाला फेरी मारली. झाड मारायची शहरातली रूढ रीत तिला माहीत होती: गिरमिटाने भोक पाडायचं, आत औषध सोडायचं, वरून मेण लावायचं. खोडाला कुठेही भोक नव्हतं. औषध मातीतून, मुळांवाटे गेलं होतं. एवढी माती भिजवायची तर बादल्यांवर बादल्या पाणी ओतायला हवं.

इथे मात्र ती अडली. या अंगणात सकाळपासून कॅरम चालतो. उन्हाळ्यात बायकांची वाळवणं आणि राखणीला बसलेल्या म्हाताऱ्या. रात्री उकाड्याने हैराण झालेले अर्धे पुरुष सतरंज्या टाकून तिथेच झोपतात. इथे कोणी शिंकलं तरी तिसऱ्या मजल्यावरून काढ्याचा सल्ला येतो. अशा जागी एक माणूस बादल्यांनी पाराला आंघोळ घालतो आणि कोणालाच दिसत नाही, हे कसं?

तिने चार जणांना विचारलं. पाराशी बादली घेऊन कोणी आलेलं पाहिलं का? चौघांनी छातीठोक सांगितलं की कोणीही नाही. आणि चौघंही खरं बोलत होते.

३

विकास मर्चंडे विहारामागच्या कमिटीच्या खोलीत सापडला. पन्नाशीचा माणूस, बँकेतल्या युनियनचा जुना पुढारी, पांढराशुभ्र सदरा, आणि बोलणं असं की समोर एकटा माणूस असला तरी माइक असल्यासारखं. त्याने जय भीम घातला, चहा मागवला आणि पिंपळाबद्दल दोन मिनिटं दुःख केलं. मग दमयंतीकडे वळला. गरिबाच्या पोटावर पाय द्यायची इच्छा नाही, पण शिस्त हवी. नव्या इमारतीच्या गच्चीवर आपण कुंडीत बोधिवृक्ष लावू, असंही त्याने सांगितलं. कुंडीत पिंपळ लावणारा माणूस उद्या बाटलीत हत्ती पाळेल, असं दीपिकाच्या ओठांवर आलं होतं, पण चहा आला.

तिने सरळ विचारलं की झाडाला कोणी औषध घातलं असेल का?

"ताई, जीवहत्या न करणं हे पहिलं शील आहे," विकास डोळे मिटून म्हणाला. "माझ्या हातून मुंगी मरत नाही."

जो माणूस न विचारता स्वतःच्या हातांबद्दल बोलतो त्याचे हात बघावेत, असा दीपिकाचा नोकरीतला नियम होता. तिने बघितले. हात स्वच्छ होते.

तळमजल्यावर एक रिकामी झालेली खोली बिल्डरच्या माणसाने ऑफिस म्हणून घेतली होती. निमेश त्याचं नाव. एसी, काचेचं टेबल आणि नव्या इमारतीचं पांढरं मॉडेल. मॉडेलमध्ये अंगणाच्या जागी मनोरा आणि मनोऱ्याभोवती प्लास्टिकची चिमुकली झाडं. निमेशने मधाळ आवाजात तिला बसवलं आणि सांगितलं की त्याला चाळीबद्दल फार प्रेम आहे. बुद्धपौर्णिमेचा मांडव त्याने दिला, खुर्च्या त्याने दिल्या, स्वतः उभा राहून फोटो काढले. झाडाशी त्याचं काय वैर असणार? बोलता बोलता त्याने तिला कितव्या मजल्यावरचा फ्लॅट आवडेल हेही विचारून घेतलं. माणसाची किंमत विचारायची ही त्याची पद्धत होती. दीपिका म्हणाली, तळमजला, आणि तो गोंधळला.

मग तिने विचारलं, चाळीतल्या कोणाला झाड नको होतं?

निमेश पुढे झुकला. म्हणाला, नाव घेणं बरं नाही, पण तो सम्यक भर सभेत बोलला होता की झाडापायी माझं घर अडलंय. "आणि मॅडम, तो ड्रम पण त्यानेच भरला होता ना. मी तर फक्त ड्रम पाठवला."

दीपिका उठली. तिने आतापर्यंत ड्रमाचं नावही काढलं नव्हतं.

४

सम्यक कासारे तीस-बत्तिशीचा, परळच्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट. मनालीशी त्याचं लग्न ठरून दोन वर्षं झाली होती आणि एका खोलीत आईवडील, भाऊ, वहिनी असताना नवी बायको आणायची कुठे, यावर गाडं अडलं होतं. तो लपवाछपवी करणाऱ्यांतला नव्हता. हो, म्हणाला, मी बोललो सभेत. मला घर पाहिजे. पण पिंपळ मारीन एवढा नीच नाही.

मग ड्रम कसला, असं तिने विचारलं, तेव्हा त्यालाच आश्चर्य वाटलं.

"ताई, बुद्धपौर्णिमेचा ड्रम. तुम्ही होता की."

दीपिका होती. वर्षातून तेवढी एक सकाळ ती अंगणात उतरायची, उशिरा यायची आणि लवकर जायची. दरवर्षी बोधिपूजनाला प्रत्येक घर आपापल्या नळाचं पाणी तांब्यात भरून आणतं आणि पिंपळाच्या मुळाशी ओतून वंदन करतं. यंदा विकासने जाहीर केलं की पाणीकपात आहे, कोणी घरून पाणी आणू नये. कमिटीने सोय केली आहे. निमेशच्या टेम्पोतून निळा ड्रम आला. सम्यकने तो टाकीच्या पाण्याने भरला. मग विकासने गुलाबपाण्याचा एक मोठा कॅन त्यात रिकामा केला. कॅनही निमेशनेच पाठवला होता. असा वास सुटला की लोक म्हणाले, वा, यंदा थाट आहे.

"आणि ओतलं कोणी?" दीपिकाने विचारलं, पण उत्तर तिला कळून चुकलं होतं.

"सगळ्यांनी. रांग जिन्यापर्यंत गेली होती." सम्यक थांबला. त्याचा चेहरा हळूहळू उतरत गेला. "ताई, तुम्ही पण ओतलंत."

म्हणूनच बादली घेऊन आलेलं कोणी कोणाला दिसलं नव्हतं. अख्ख्या चाळीने पांढरे कपडे घालून, हात जोडून, रांगेत उभं राहून झाडाला विष पाजलं होतं, आणि त्यात एक तांब्या दीपिकाचाही होता. उभ्या जन्मात तिला इतकं स्वच्छ कोणी फसवलं नव्हतं. तिला स्वतःचा संताप आला, आणि चाळीचा त्याहून जास्त, की फुकटचा ड्रम आला तर एकालाही प्रश्न पडू नये.

पण संतापाने पुरावा होत नाही. औषध कॅनमध्ये होतं हे उघड होतं, पण कॅन निमेशचा. विकास हात वर करून म्हणणार, मला काय ठाऊक आत काय होतं, मी तर गुलाबपाणी समजून ओतलं. सम्यकही तेच म्हणेल, आणि दोघांतलं खरं कोण हे कशावरून ठरवायचं?

५

चाळीतली सगळ्यात जुनी बाई म्हणजे पहिल्या मजल्यावरची चंपाबाई. तिला सगळ्याबद्दल तक्रार असायची आणि तिच्या तक्रारी कोणी ऐकत नसे. त्यामुळे तिच्यापाशी चाळीतली सगळी माहिती न वापरलेली पडून होती. दीपिकाने तिला बुद्धपौर्णिमेचं विचारलं आणि भिंतीला टेकून बसली.

यंदाचा कार्यक्रम चंपाबाईला मुळीच आवडला नव्हता. गुलाबपाण्याने डोकं उठलं. खीर पातळ. विकासने मात्र कधी नव्हे तो मान दिला. दरवर्षी पहिला तांब्या तोच ओततो, कोणाला पुढे होऊ देत नाही. यंदा म्हणाला, आजी, पहिलं पाणी तुमच्या हातचं, मी अध्यक्ष, मी शेवटी ओतीन. शेवटी त्याने ओतलं का? चंपाबाईने आठवून पाहिलं. नाही बाई, मग जेवणावळीची घाई झाली.

"आन् तो बिल्डरचा माणूस." चंपाबाईचा आवाज चिरला. "पाठ झाल्यावर भन्तेजी सगळ्यांना पाणी देत होते. त्याच्यापुढं पळी नेली तर हात असा मागं घेतला, जसा काय विंचू दिसला. अजून यांना आपल्या हातचं पाणी चालत नाय."

दीपिकाच्याही कपाळाची शीर उडाली. हे असं हात मागे घेणं या चाळीतल्या पिढ्यांनी पाहिलं होतं. त्याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नसे. म्हणूनच त्या दिवशी सगळ्यांनी ते पाहिलं, अपमान गिळला, आणि दुसरा काही अर्थ असू शकतो असा विचारही केला नाही.

"आन् पाणी तरी पुरेसं होतं का," चंपाबाई पुढे सरकली. "एक कलश सगळ्या चाळीला. सम्यकनं बिचाऱ्यानं ड्रमालाबी धागा गुंडाळला होता, म्हणजे पोरांना पोटभर मिळालं असतं. विकासनं येऊन तोडला. म्हणे, प्लास्टिकला कसला धागा. ड्रम पार तिकडं भिंतीशी सरकवला. दरवर्षी पोरांच्या शाळेच्या बाटल्या ठेवतो आपण धाग्यात, त्या काय सोन्याच्या असतात?"

दीपिका ताठ बसली. भन्तेजी, म्हणजे भिक्खू, परित्राण पाठ म्हणतात तेव्हा बुद्धमूर्तीपासून पांढरा धागा निघतो, पाण्याच्या भांड्यांना वेढे घेतो आणि बसलेल्या प्रत्येकाच्या हातातून फिरतो. पाठ संपला की धाग्यातलं पाणी सगळ्यांना देतात. लोक ते तळहातावर घेऊन पितात, पोरांना पाजतात. धाग्याच्या आत आलेलं पाणी पोटात जाणार, हे या चाळीतल्या रांगत्या पोरालाही माहीत असतं.

तिने चंपाबाईला तो धागा कोणी तोडला हे पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग ती रविवारची वाट बघत बसली.

६

सभेला चाळ लोटली होती. बायका विहाराच्या फरशीवर, पुरुष भिंतीला टेकून, निमेश पाहुणा म्हणून पुढच्या खुर्चीवर. दमयंती उंबऱ्याबाहेर उभी होती. विकासने ठराव वाचला आणि हात वर करायला सांगितलं. काही हात तयारच होते.

दीपिका उठली आणि म्हणाली की आधी मारेकऱ्याचं ऐका. तिने ड्रमाची गोष्ट सांगितली: पाणी कोणी भरलं, कॅन कोणी पाठवला, कोणी रिकामा केला, आणि रांगेत कोण कोण उभं होतं. एका म्हातारीने आपल्या तळहातांकडे पाहिलं. मागून कुजबुज उठली आणि विझली.

"निमेश," दीपिका म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी भन्तेजींचं पाणी घेतलं नाही. आम्हाला वाटलं, तुम्हाला आमचा विटाळ होतो. आमची सवय, दुसरं काय. खरं म्हणजे तुम्ही घाबरलात. ड्रमात विष आहे हे तुम्हाला माहीत होतं, पण आमची रीत माहीत नव्हती. पळीतलं पाणी कुठलं, हे तुम्हाला कळेना."

निमेशने फोन काढला आणि बाहेर जाऊन बोलतो म्हणाला. दारात दमयंती होती आणि ती बाजूला झाली नाही. तो परत येऊन बसला.

विकासने लगेच बाजू बदलली. त्याचा आवाज चढला, बोट निमेशकडे वळलं. या माणसाने समाजाचा विश्वासघात केला, मी गुलाबपाणी समजून कॅन ओतला, माझ्यासारख्या साध्या माणसाला यात गोवलं. चोराच्या उलट्या बोंबा ऐकायची दीपिकाला सवय होती. तिने त्याला पुरतं दमू दिलं.

"ठीक आहे. तुला काही माहीत नव्हतं. मग ड्रमाचा धागा का तोडलास?"

"प्लास्टिकचा होता म्हणून."

"पोरांच्या बाटल्याही प्लास्टिकच्या होत्या. त्या तू राहू दिल्यास. पळीतलं पाणी सगळ्यांदेखत प्यायलास, कारण ते कुठलं हे तुला पक्कं ठाऊक होतं. सम्यकला माहीत नव्हतं, म्हणून त्याने ड्रमाला धागा बांधला. निमेशला धागा म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. विषही माहीत आणि रीतही माहीत, असा चाळीत एकच माणूस होता."

विकासने कपाळ पुसलं. 

"पोरं प्यायली असती, ताई," तो म्हणाला.

बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्याला कळलं. त्याच्या अंगात माणुसकीचा तेवढाच एक थेंब शिल्लक होता, आणि नेमका तोच त्याला नडला. दीपिकाला क्षणभर त्याची कीव आली. पण तो पुढे बोलू लागला आणि ती कीव गेली. हे सगळं मी तुमच्यासाठीच केलं, तो म्हणाला. झाडापायी बिल्डर निघून गेला असता. अजून किती वर्षं तुम्ही सार्वजनिक संडासापुढे रांग लावणार? मी स्वतःच्या हाताने एक थेंब ओतला नाही, शील मोडलं नाही.

आणि काही माना डोलल्या. खरंच डोलल्या. मागच्या रांगेतून एकाने विचारलं की या भानगडीत फ्लॅटच्या पझेशनची तारीख पुढे जाणार नाही ना. दीपिकाने त्याच्याकडे पाहिलं. तो तिच्याच मजल्यावरचा होता, रोज तिला नमस्कार करणारा. बिल्डर हरामखोर असतोच, पुढारी विकाऊ असतोच. पण आपल्या पोरांच्या तोंडाशी विष आलं होतं हे ऐकून तारीख विचारणारा माणूस तिने एवढ्या वर्षांच्या नोकरीतही पाहिला नव्हता.

मग चंपाबाई उठली. तिला उठायला वेळ लागला.

"पहिलं पाणी माझ्या हातचं," ती म्हणाली. "मान दिला म्हणून मी चार दिवस सांगत फिरले. विकास, तुझं शील राहिलं आन् माझं मोडलंस?"

चंपाबाईने लोकांकडे तोंड केलं. सुनावणीला मी जाणार, ती म्हणाली. साहेबाला सांगणार की झाड मी मारलं. साहेब विचारील, पाणी कोणी दिलं, तेव्हा यांची नावं घ्यायला माझी जीभ अडखळणार नाही. तुमच्यापैकी ज्याने ज्याने ओतलं त्याने यावं. नाही आलात तर निदान माझ्या मयताला येऊ नका.

ठरावाचं नाव मग कोणी काढलं नाही. उठलेले हात कधीच खाली गेले होते.

७

सुनावणीच्या खोलीत खुर्च्या कमी पडल्या. न्यायाची चाड म्हणून किती आले आणि चंपाबाईच्या धाकाने किती, याचा हिशेब दीपिकाने केला नाही. तो चाळीच्या बाजूने आला नसता. तारीख विचारणारा गृहस्थही आला होता, मान खाली घालून.

अधिकाऱ्याला आक्षेप ऐकायची सवय होती. कबुल्या ऐकायची नव्हती. चंपाबाई टेबलाशी गेली आणि म्हणाली, झाड मी मारलं. तिच्यामागून सम्यक गेला, म्हणाला, ड्रम मी भरला, आणि मीही ओतलं. मग एकेक करून रांग पुढे सरकू लागली. प्रत्येकाचं तेच वाक्य. कारकुनाने विचारलं की हे आक्षेप धरायचे की काय. अधिकारी म्हणाला, लिहून घ्या. दीपिकाची पाळी आली तेव्हा तिला वाटलं होतं तितकं ते सोपं गेलं नाही. मी मारलं, एवढे दोनच शब्द होते, पण कारकुनाला ऐकू गेले नाहीत आणि तिला ते पुन्हा म्हणावे लागले.

बिल्डरच्या वकिलाने मध्येच उठून म्हटलं की आता झाडच नाही, तर मुद्दाच उरत नाही. अधिकाऱ्याने त्याला बसायला सांगितलं. झाड मेलं नाही, मारलं आहे, आणि मारणाऱ्याला त्याच झाडाची जागा देता येणार नाही. प्रकरण पोलिसांकडे जाईल आणि मोकळी जागा आहे तिथेच राहील. घर नको असं कोणी म्हणत नाही, नकाशा मनोऱ्याशिवाय पुन्हा आणा. निमेश त्या दिवशी आला नव्हता. विकास आला होता, शेवटच्या रांगेत, आणि त्याच्या दोन्ही बाजूंच्या खुर्च्या रिकाम्या होत्या.

चाळीतली माणसं जिंकल्यासारखी एकमेकांकडे बघू लागली. पाप कबूल करूनही इतकं हलकं वाटतं हे त्यांना नवीन होतं, आणि बघता बघता त्यांच्या चेहऱ्यांवर थोडा मोठेपणाही चढला. तेवढ्यात अधिकाऱ्याचं लक्ष दाराकडे गेलं. रांगेच्या शेवटी दमयंती उभी होती, ओचा खोचलेला, धंदा सोडून आलेली.

"तुम्हीही पाणी ओतलंत का, बाई?"

"नाय, साहेब," दमयंती म्हणाली. "माझी आई त्या गेटवर बसायची, मी पन तितंच बसते. पन मना कोनी बोलावलाच नव्हता."

कारकुनाने वर पाहिलं, आणि हेही लिहून घ्यायचं का म्हणून विचारलं. अधिकारी हो म्हणाला. फिटर चाळीतलं एकही माणूस तेव्हा मान वर करेना, आणि त्यात दीपिकाही होती.